चार मिनिटे पुढचे घड्याळ

५ नोव्हेंबर, गुरुवार

जे घडले ते आधी क्रमाने. शेरे नंतर.

१. मंगळवार, ३ तारीख. मी जिथे मोजमापाची उपकरणे तपासते त्या प्रयोगशाळेचे शीतयंत्र बंद पडले. खोलीचे तापमान ठरल्यापेक्षा वर गेले की आमची कोणतीही मोजणी ग्राह्य धरत नाहीत. एक वाजता सगळ्यांना घरी सोडले.

२. मंगळवारी साडेतीनला आई गुडघ्याच्या व्यायामासाठी रुग्णालयात जाते. त्या दिवशी गेली नाही. एरवी त्या वेळी घरात कोणी नसते.

३. ४:१४ च्या सुमारास मागच्या दाराची कडी तुटल्याचा आवाज. मी माझ्या खोलीत होते.

४. बाबांचे रिव्हॉल्वर माझ्या कपाटात, कुलपात. बाबा बँकेत सुरक्षारक्षक होते. ते गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला. रीतसर शिकले आहे, कागद आहेत.

५. बाहेरच्या खोलीत एक माणूस लोखंडी पहार घेऊन उभा. आई भिंतीशी. एक फटका तिच्या उजव्या खांद्यावर बसलेला होता.

६. मी दोनदा "थांब" म्हणाले. त्याने पहार पुन्हा तिच्यावर उचलली. माझे त्याच्यापासून अंतर अडीच मीटर, दहा-वीस सेंटिमीटर इकडेतिकडे.

७. ४:१७. एक गोळी. पोटात, डावीकडे, खाली.

८. तो आधी बसला, मग आडवा झाला. काहीतरी म्हणत होता.

९. ४:२१. रुग्णवाहिकेला फोन गेला, लगेच पोलिसांना.

१०. ४:३३ रुग्णवाहिका. ४:४० पोलीस. रिव्हॉल्वर पाकिटात घालून मोहोर लावली. माझ्या दोन्ही हातांवर कापूस फिरवून नमुने घेतले. जबाब दिला. वरचाच.

फोनच्या वेळा फोनमधून. बाकीच्या भिंतीवरच्या घड्याळावरून, दुरुस्ती करून. आमचे घड्याळ चार मिनिटे पुढे असते. बाबांना कामावर उशीर होऊ नये म्हणून आईने कधीकाळी पुढे करून ठेवले, ते तसेच राहिले. मी बघताना आपोआप चार वजा करते.

माणूस जिवंत आहे. आई व्यायामाला जाते त्याच रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली.

मला काय वाटते, असे वकीलबाईंनी विचारले. मी म्हटले, अजून काही नाही. त्या म्हणाल्या, "हे बाहेर कुणाला सांगू नकोस."


६ नोव्हेंबर, शुक्रवार

पोलिसांनी बाहेरची खोली आज मोकळी करून दिली. फरशी मी पुसली. चार बादल्या. फरशांमधल्या रेघांतला रंग जात नाही, तिथे दात घासायचा ब्रश लागला.

शेजारच्या काकू आल्या. "वाघीण गं माझी बाई! आमच्या घरात तर साधी सुरीसुद्धा बोथट." मग आवाज उतरवून, "अगं, उन्हाळ्यात आमच्या भिंती त्यानेच रंगवल्या. दोन महिने इथेच वावरत होता. चहा दिलाय मी त्याला, या हाताने." आपल्या हाताकडे त्यांनी असे पाहिले, की जणू तोच दोषी.

म्हणजे आईच्या येण्याजाण्याच्या वेळा त्याला तिथून कळल्या. मुद्दा २ चे उत्तर मिळाले.

आई दुपारी गुडघ्यासाठी गेली. व्यायाम मंगळवारी आणि शनिवारी असतो. आज शुक्रवार. म्हणाली, खंड पडला म्हणून जास्तीचा. खांदा काळानिळा आहे, तरी थर्मास भरून घेऊन गेली. दोन तासांनी परतली.


९ नोव्हेंबर, सोमवार

कामावर गेले. माझ्या टेबलावर एका दवाखान्याचे अकरा थर्मामीटर तपासणीची वाट पाहत होते. पहिले तीन होईपर्यंत कोणीच माझ्याशी बोलले नाही. मग वजनांच्या विभागातले मास्तर आले. मला 'दशांश' हे नाव त्यांनीच ठेवले.

"दशांश, तुझ्याशी आता जपून बोलायला हवं."

"आधीही जपूनच बोलायला हवं होतं."

ते हसले. खोलीतले आणखी दोघे हसले. तेवढ्याने हवा सैल झाली. पण जेवणाच्या सुट्टीत मी बसले त्या बाकावर दुसरे कोणी बसले नाही. आम्ही सहा जण आहोत आणि बाक दोन आहेत. पाच जण एका बाकावर मावत नाहीत, हे मोजायला उपकरण लागत नाही.

आठव्या थर्मामीटरला मी आकडा चुकले. वाचन पुन्हा घेतले. दुसरे ग्राह्य धरले.


१० नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी तपास अधिकाऱ्यांनी दोघींना बोलावले. वकीलबाई सोबत. अधिकारी पन्नाशीचे, सभ्य. समोरचा कागद ते सरळ करत राहतात, आधीच सरळ असला तरी.

"मॅडम, गोळी का मारली, यावर माझं फारसं काही म्हणणं नाही. आईंचा खांदा डॉक्टरांनी पाहिलाय, पहार आमच्याकडे आहे. पण तुम्ही म्हणता चार सतरा. फोन चार एकवीसला. मधली चार मिनिटं काय केलंत?"

मी म्हटले, मला नीट आठवत नाही.

"बाकी सगळं तर सेंटिमीटरमध्ये आठवतंय."

वकीलबाईंनी मध्ये हात घातला. अधिकारी म्हणाले, "माणूस रक्त गेल्यामुळे अत्यवस्थ आहे. मारणं एक झालं. पडून राहू देणं वेगळं. वर अहवाल द्यायचाय, तिथे मला हेच विचारणार."

मग वेळ कशावरून पाहिली, ते विचारले. मी सांगितले: भिंतीवरचे घड्याळ, त्यात चार एकवीस, चार मिनिटे पुढे असते म्हणून चार सतरा. त्यांनी कागद पुन्हा सरळ केला. "म्हणजे दिसले चार एकवीस, आणि तुम्ही लिहून दिले चार सतरा?"

"हो. दुरुस्त करून."

"उद्या सकाळी येतो. घड्याळच बघू."

आई सगळा वेळ पर्सचा बंद उघडत आणि लावत होती.


११ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी दहाला अधिकारी आणि एक हवालदार आले. घड्याळ आणि फोन शेजारी धरून छायाचित्र घेतले.

घड्याळ बरोबर होते. सेकंदांपर्यंत नाही, पण मिनिटांत फरक नाही.

कोणी काही विचारण्याआधीच आई म्हणाली, "मीच लावलं बरोबर. महिना झाला. हिला सांगायचं राहिलं." घाबरली असावी. पोलीस घरात आले की ती असेच भराभर बोलते.

वकीलबाईंचा फोन: "माझा जीव भांड्यात पडला! अगं, चार एकवीसला गोळी, चार एकवीसला फोन. मधे काही नाहीच. तू जुन्या सवयीने उगाच चार वजा केलेस. जगात हा गुन्हा फक्त तूच करू शकतेस!"


१२ नोव्हेंबर, गुरुवार

ही चूक मला झोंबते आहे. इतर गोष्टींपेक्षा जास्त झोंबते, आणि हे योग्य नाही, हेही कळते.

आमच्या कामाचा पहिला नियम: उपकरण हातात आले की ते जसे सापडले तसे आधी लिहायचे. मग दुरुस्ती. सापडलेला आकडा न लिहिता दुरुस्त आकडा लिहिणे म्हणजे पुढच्या माणसाला आंधळा करणे. मी नवीन मुलींना हे स्वतः शिकवते. आणि जबाबात मी 'दिसले ४:२१' असे कुठेही लिहिले नाही. सरळ ४:१७. शिवाय दुरुस्तीचा आकडा महिनाभर जुना.

तरी हलके वाटायला हवे होते. चार मिनिटे नव्हतीच, असे ठरले. मी काही केले नाही असा वेळच शिल्लक नाही.

मग मला घड्याळाचा सेकंदकाटा इतका का आठवतो?


१५ नोव्हेंबर, रविवार

काल पहाटे तो गेला. वकीलबाईंनी सांगितले. मी "बरं" म्हटले. त्या म्हणाल्या, "बरं काय?" मी म्हटले, कळले अशा अर्थी.

वय एकेचाळीस. बायको आहे, एक मुलगी आहे.

आईला मी सांगायला गेले, तर तिला आधीच कळले होते. कुठून, विचारले. म्हणाली, "रुग्णालयात बोलत होते." काल व्यायामाला गेली होती. थर्मास तिकडेच विसरून आली. दुपारभर पडून होती. खांद्याचे दुखणे असावे, उद्या डॉक्टरांना दाखवायला हवे.


१७ नोव्हेंबर, मंगळवार

आई व्यायामाला गेली नाही. "गुडघा बरा आहे आता."

६ पासून १४ तारखेपर्यंत रोज गेली, त्याचा उपयोग झालेला दिसतो. पण जिना चढताना कठडा पूर्वीसारखाच धरते.

वकीलबाई म्हणतात, अधिकारी अनुकूल आहेत. अहवाल २७ तारखेला वर जाणार: स्वसंरक्षण, विलंब नाही, पुढे कारवाईची गरज नाही. "तोवर तोंडाला कुलूप. आणि कृपा करून काहीही दुरुस्त करू नकोस."


१९ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी हजेरीच्या यंत्रापाशी मास्तर होते.

"काय गं दशांश, गेल्या गुरुवारपासून रोज आठ बावन्न? तुझ्यावर माझं घड्याळ लावायचो मी. आठ अठ्ठेचाळीस म्हणजे आठ अठ्ठेचाळीस. म्हातारी व्हायला लागलीस."

मी हसले आणि टेबलापाशी गेले. मग उठले, कार्यालयातल्या बाईंकडे माझ्या हजेरीची वर्षभराची नोंद मागितली. त्यांना वाटले पगाराचे काही आहे.

मी रोज भिंतीवरचे घड्याळ साडेआठ दाखवते तेव्हा घर सोडते. चालायला बावीस मिनिटे. घड्याळ चार मिनिटे पुढे असेल तर खरे आठ सव्वीस, पोचायला ८:४८. घड्याळ बरोबर असेल तर ८:५२. मी निघायची रीत बदललेली नाही.

घड्याळ महिन्यापूर्वी बरोबर झाले असेल, तर महिन्यापूर्वी आकड्यांत पायरी दिसली पाहिजे. मी आलेख काढला. पायरी आहे. महिन्यापूर्वी नाही. १० नोव्हेंबरला ८:४८. ११ ला सुट्टी होती. १२ ला ८:५२, आणि तिथून पुढे सगळे ८:५२. मागे अकरा महिने सपाट रेघ, फार तर मिनिटभर वरखाली.

घड्याळ १० तारखेच्या सकाळपर्यंत चार मिनिटे पुढे होते. ११ ला सकाळी दहा वाजता बरोबर होते. मधल्या वेळात घरात आम्ही दोघीच होतो. मी हात लावलेला नाही.

गोळी ४:१७ लाच.


२० नोव्हेंबर, शुक्रवार

जसे सापडले तसे लिहिते. दुरुस्ती न करता.

गोळीनंतर माझे दोन्ही हात रिव्हॉल्वरवर होते. शिकवणाऱ्यांनी सांगितले होते, माणूस पडला म्हणजे धोका संपला असे नाही. हात खाली करायचा नाही. पहार त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर होती. मी ती पायाने दूर सरकवू शकले असते. सरकवली नाही.

माझा फोन माझ्या खोलीत चार्जिंगला. आईचा फोन आईच्या हातात होता. हे मला आज लिहिताना आठवले असे म्हणणे खोटे ठरेल. ते मला माहीत होते. मुद्दा ९ मी 'फोन गेला' असा लिहिला आहे. कोणी केला, ते लिहिले नाही.

मी म्हटले, "आई, फोन लाव." दोनदा. मोठ्याने म्हटले की मनात, याची खात्री सत्तर टक्के.

मुद्दा ८ मध्ये 'काहीतरी म्हणत होता' असे आहे. तो म्हणत होता, "बाई, फोन लावा. बाई, फोन लावा ना." तो आईकडे बघून म्हणत होता. माझ्याकडे नाही.

मी त्याच्याकडे बघत नव्हते. मी घड्याळाकडे बघत होते. सेकंदकाटा पूर्ण फिरला की मी मनात एक धरत होते. चार धरले. कामात मी हेच करते: आकडा स्थिर होईपर्यंत थांबते, हात लावत नाही.

मग आईने फोन लावला. पत्ता तिने अगदी स्पष्ट सांगितला.


२२ नोव्हेंबर, रविवार

आईशी बोलायचा प्रयत्न. दोन वेळा.

पहिला, सकाळी. मी म्हटले, "आई, घड्याळ तू कधी बरोबर केलंस?"

"सांगितलं ना, महिना झाला."

"आता दीड महिना व्हायला हवा मग."

"तेच ते." तिने चहा ठेवला. आम्ही नुकताच प्यायलो होतो.

दुसरा, दुपारी. मी हजेरीचा आलेख तिच्यासमोर ठेवला आणि समजावले. तिने नीट पाहिला. बाबांच्या जागी नोकरी धरायला नको, तू शिक, असे तीच म्हणाली होती, आणि गणिताला माझ्या शेजारी बसत असे. तिला आलेख कळतो.

"एवढं सगळं मोजत बसलीस?"

"मोजावं लागलं."

"तुला सोडताहेत ना? वकीलबाई म्हणाल्या ना, सोडताहेत?"

"हो."

"मग मोजू नकोस गं आता. माझं काय व्हायचं ते होऊ दे, तुझं आयुष्य पडलंय पुढे." मग आलेख पालथा घालून, "त्याने मला आधी मारलं होतं. खांदा निखळला असं वाटलं मला. मला नुसतं त्याला तिथे पडलेलं बघायचं होतं, थोडा वेळ. एवढंच. इतका थोडा..."

नळ गळत होता, मी तो बंद करायला गेले. परत आले तोवर ती आपल्या खोलीत गेली होती.

या वाक्याचा अर्थ मला लागतो. पण ते मी ऐकल्यासारखे वागले नाही. तिला ते परत घ्यायची संधी असावी.

संध्याकाळी वकीलबाईंना फोन केला, जबाब दुरुस्त करायचा आहे म्हटले.

"तुला कळतंय का तू काय करतेस? पाच दिवसांनी कागद वर जातोय. तू स्वतः आपल्या पायावर धोंडा मारून घेतेस. आणि एकट्या तुझ्याच पायावर पडला तर बरं. घड्याळाला हात कुणी लावला, हे ते विचारणारच."

"कळतंय."

"मग कशासाठी? मेलेल्याला काय फरक पडतो?"

मी म्हटले, डॉक्टर सांगू शकतील, चार मिनिटांनी फरक पडला असता की नाही. कदाचित नाही. पण प्रश्न विचारायला त्यांना आकडा लागेल, आणि तो आकडा आम्ही दोघींनी मिळून घरातून नाहीसा केला आहे. त्याच्या बायकोला कोणी सांगितले, की फोन लगेच केला होता, तर तिने ते खरे धरले असेल.

"गुरुवारी अकरा," वकीलबाई म्हणाल्या. "मी येईन. रागावून येईन, पण येईन."


२३ नोव्हेंबर, सोमवार

कामावरून लवकर आले. खालचा मजकूर दुसऱ्या कागदावर उतरवून आईच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवला आहे. बोलायला गेलो की ती चहा ठेवते आणि मी नळ बंद करते. म्हणून लिहून.

आई,

गुरुवारी, २६ तारखेला सकाळी अकरा वाजता मी तपास अधिकाऱ्यांकडे दुरुस्त जबाब देणार आहे. त्यात एवढे आहे: गोळी ४:१७ ला झाली. फोन ४:२१ ला झाला. मधली चार मिनिटे खरी आहेत. घड्याळ १० तारखेपर्यंत पुढे होते. या चार मिनिटांत मी रिव्हॉल्वर धरून उभी राहिले, पहार दूर केली नाही, माझा फोन आणायला गेले नाही, आणि जखमी माणूस मदत मागत होता ते मला ऐकू येत होते.

फोन कोणाच्या हातात होता आणि घड्याळाचे काटे कोणी मागे केले, ही दोन वाक्ये मी लिहिलेली नाहीत. ती तुझी आहेत. मी ती तुझ्या वतीने लिहिणार नाही. ते विचारतील तेव्हा खोटेही बोलणार नाही. उत्तर द्यायला नकार देईन आणि त्याचे जे व्हायचे ते होईल.

तू आलीस तर दोघी जाऊ. वकीलबाईंचे म्हणणे आहे की दोघींनी आपणहून सांगितले तर ते वेगळे धरतात. किती वेगळे, ते त्या सांगू शकल्या नाहीत. भीती मलाही आहे. काल तू जे म्हणालीस त्यामुळे मला तुझी घृणा वाटली नाही. हे लिहायचे राहू नये म्हणून लिहिते.

एक गोष्ट मला माहीत नाही, आणि ती तुझ्याशिवाय कोणालाच माहीत नसणार. मी तुला फोन लाव म्हणाले, असे मला वाटते. खरेच म्हणाले का? की मीही तुझ्याइतकीच गप्प होते? म्हणाले नसेन, तर मला जबाबात आणखी एक वाक्य घालावे लागेल.

या प्रश्नाचे, आणि गुरुवारी येणार की नाही याचे, उत्तर बुधवारी, २५ तारखेला, संध्याकाळी सहा वाजेपर्यंत द्यावे. लिहून दिलेस तरी चालेल.